लोकरीवाचून स्वेटर

गेल्या हिवाळ्यात टोरोंटोला माझ्या भाच्याच्या बिऱ्हाडी मुक्काम असताना, बर्फाने रस्ता, अंगण आणि शेजाऱ्याचे कुंपण यांच्या हद्दी पार पुसून टाकल्या होत्या अशा एका रविवारी, ज्या तंट्यात मला अवचित पंच व्हावे लागले, त्याचा विषय म्हटला तर अगदीच किरकोळ होता. दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या, निळ्या रंगाच्या, छातीवर मेपलचे पांढरे पान मिरवणाऱ्या एका वस्त्राला म्हणावयाचे काय, एवढाच तो प्रश्न. भाच्याचा पंधरा वर्षांचा मुलगा, जन्माने टोरोंटोकर, त्यास ‘जर्सी’ म्हणतो. शेजारचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, मूळचे माँट्रियलचे आणि फ्रेंच मातृभाषेचे, त्यास ‘स्वेटर’ म्हणतात. आणि ‘जर्सी’ हा शब्द कानी पडताच, सोवळ्यातल्या आजीला शाळेतून आलेल्या नातवाने शिवावे तसे अंग आक्रसून घेतात. मौज अशी की ते वस्त्र त्यांच्या संघाचे नव्हतेच. माँट्रियल आणि टोरोंटो यांच्यातले हाडवैर कॅनडात पोरासोरांनाही ठाऊक आहे. परंतु शत्रूचा देव झाला तरी त्याला देवच म्हणावे, दगड म्हणू नये, अशी काहीशी त्यांची धारणा असावी.

मला पंच नेमण्यामागे उभय पक्षांचा तर्क असा की, याला खेळातले काही कळत नाही, सबब हा निःपक्षपाती असणार. यातली पहिली गोष्ट खरी होती. ‘हॉकी’ म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात, फार तर आमच्या खडकीतून वर आलेले धनराज पिल्ले. पायाखाली गवत, पुढे त्या जागी कृत्रिम हिरवळ, पण बर्फ कदापि नाही. कॅनडात नेमके उलट. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच, आणि तिच्यामागे ‘आइस’ जोडणारा माणूस परमुलखातला हे त्याच्या तोंडूनच शाबीत होते; आमच्या हॉकीला मात्र बिचारीला ‘फील्ड’ हे विशेषण पदराला बांधून फिरावे लागते.

पंचाने आधी वस्तू पाहावी आणि मग वाद ऐकावा, म्हणून मी ते वस्त्र खुंटीवरून उतरवून हाती घेतले. लोकरीचा धागा त्यात औषधालाही नव्हता. सगळे पॉलिएस्टर, तेही जाळीदार विणीचे. खिडकीच्या उजेडासमोर धरले तर पलीकडचे बर्फाने लदलेले झाड बारीक ठिपक्यांतून दिसत होते. खेळाडूंच्या पोशाखाबरहुकूम शिवलेली ती महागडी प्रत होती, त्यामुळे पाठीच्या आतल्या अंगाला, खालच्या काठाजवळ, एक जाड पट्टी घट्ट शिवलेली हाताला लागली. ही कशासाठी, असे विचारता मुलगा उत्साहाने म्हणाला, “आजोबा, ती फाइट स्ट्रॅप. ती पँटला अडकवतात. नाहीतर मारामारीत समोरचा जर्सी ओढून डोक्यावरून घेतो, मग हात अडकतात.” “स्वेटर,” कोपऱ्यातून दुरुस्ती आली. ती पट्टी अडकवलेली असलीच पाहिजे असा खेळाचा नियमच आहे, हेही मला तेव्हा कळले. ज्या खेळाचे शास्त्रकार मारामारीचीही तजवीज शिलाईत करून ठेवतात, त्याच्या अनुयायांनी एका शब्दापायी हमरीतुमरीवर यावे यात नवल ते काय?

आता शब्दांची रुजवात पाहावी. ‘स्वेटर’ म्हणजे व्युत्पत्तीने घाम आणणारा: जाड लोकरीचे वस्त्र अंगात घालून व्यायाम करावा म्हणजे घाम निथळतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ. ‘जर्सी’ हे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीतले एक बेट. तेथील विणलेल्या लोकरीच्या वस्त्रांचा लौकिक झाला म्हणून वस्त्रालाच बेटाचे नाव पडले. त्याच बेटाची एक गाय आपल्याकडे दूध संघांच्या कृपेने गावोगावी पोहोचली आहे, त्यामुळे ‘जर्सी’ म्हटल्यावर आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मनात आधी धार येते, वस्त्र नंतर. त्या बेटाच्या शेजारचे बेट गर्न्सी. तेथील विणीच्या सदऱ्याचे नाव खलाशांच्या तोंडून आपल्या किनाऱ्याला लागले आणि त्याचा झाला ‘गंजीफ्रॉक’. म्हणजे ज्या मराठी गृहस्थाने लोकर कधी अंगाला लावली नाही तोही, उन्हाळ्यात बिनबाह्यांचा सुती गंजीफ्रॉक घालून ओटीवर वारा घेत बसला असता, उत्तरेकडच्या त्या थंड समुद्रातले एक बेटच अंगावर वागवीत असतो. आणि शेजारी गृहस्थांच्या मातृभाषेतला शब्द तर याहून बहारीचा. ते मनातल्या मनात ज्याला ‘शांदाय’ म्हणतात, तो शब्द पॅरिसच्या मंडईतल्या लसूण विकणाऱ्यांवरून आला. ते लोक असला विणलेला सदरा घालीत, आणि ‘लसूणवाला’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे पुढचे टोक झिजून उरले ते वस्त्राचे नाव झाले.

घाम, बेट आणि लसूण! तिन्ही नावांत हॉकी कोठेच नाही. आपल्या शाब्दिकांनी शब्दांची यौगिक आणि रूढ अशी जी वर्गवारी केली तिचा येथे चांगला प्रत्यय येतो: अवयवांवरून ज्याचा अर्थ लागतो तो यौगिक, अवयवांना न जुमानता व्यवहाराने ज्याला अर्थ दिला तो रूढ, आणि दोहोंचा झगडा झाला तर रूढीचे पारडे जड. 2007 साली नॅशनल हॉकी लीगने जो नवा पोशाख आणला, त्याचे कापड पाणी अंगाला चिकटू न देणारे होते. परिणाम असा झाला की घाम कापडात न मुरता थेट ओघळून हातमोज्यांत आणि बुटांत साचू लागला, खेळाडूंनी तक्रारी केल्या आणि कापड बदलावे लागले. घाम आणणे हा ज्याचा नामसिद्ध धर्म त्या वस्त्राने घामाशी काडीमोड घेऊ पाहिला, तेव्हा घामानेच त्याच्यावर दावा ठोकला असे म्हणावयाचे.

हे सर्व ऐकून मुलगा म्हणाला, “मग लोकर नाही, तर स्वेटर कसा?” प्रश्न पोरवयाचा नव्हता. आपल्या दर्शनकारांनी विचारासाठी जी दोन घरगुती उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या घोळवली त्यांतले एक घट, म्हणजे मडके, आणि दुसरे पट, म्हणजे वस्त्रच. वैशेषिक म्हणतात, तंतू हे कारण आणि पट हे कार्य. पट तंतूंमध्ये समवायाने राहतो, पण तो तंतूंहून निराळा, नव्याने उत्पन्न झालेला पदार्थ आहे. सांख्यांना हे मान्य नाही. पट तंतूंत आधीपासूनच होता, विणकराने तो केवळ प्रकट केला. बौद्धाला दोघांचेही हसू येते, कारण त्याच्या मते तंतूंच्या रचनेपलीकडे पट नावाचे काही नाहीच. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाचे आस, चाके, जू असा एकेक अवयव दाखवून, यात रथ कोठे आहे, असे विचारले ते प्रसिद्धच आहे. रथ हे केवळ संज्ञेपुरते नाव. आता हीच तपासणी हॉकीच्या वस्त्राला लावावी. लोकर होती, ती गेली. तिच्या जागी सूत आले, तेही गेले. आज आहे ते खनिज तेलापासून केलेले सूत. रंगाचे म्हणाल, तर आज लालभडक म्हणून ओळखला जाणारा माँट्रियलचा संघ 1909 साली स्थापन झाला तेव्हा त्याचा पहिला पोशाख निळा होता, आणि 1912-13 च्या हंगामात तर लाल, पांढऱ्या व निळ्या आडव्या पट्ट्यांचा, ज्याला आजही लोक न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या खांबाचे नाव देतात. छातीवरची सी आणि एच ही अक्षरे पहिल्या महायुद्धाच्या काळातली. आणि आत घातलेले शरीर? ते तर दर काही वर्षांनी निराळेच.

येथे गीतेतला दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही: देही तोच, वस्त्रे मात्र जीर्ण झाली की टाकावयाची. खेळाच्या मैदानात तो दृष्टान्त साफ उलटा झाला आहे. येथे वस्त्र टिकते, देही टाकले जातात. खेळाडू विकत घेतला जातो, म्हातारा होतो, शत्रुपक्षात जातो आणि कालपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतले तेच आज त्याला शिव्या घालतात. प्रेक्षकाची भक्ती त्याच्या अंगावरून उतरवलेल्या कापडावर राहते. शाश्वत आत्मा म्हणून ज्याला धरावे ते वस्त्र, आणि त्या वस्त्राचेही तंतू, रंग, अक्षरे सगळे अशाश्वत. वैशेषिकाच्या समवायालाही येथे जागा उरत नाही. टिकले आहे ते नाव. म्हणूनच मला वाटते, तो वृद्ध गृहस्थ ज्याला धरून बसला आहे ते शब्दाचे वेड नव्हे. तंतू बदलत गेलेल्या पटात न बदललेला एकच तंतू त्याच्या हाती उरला आहे, तो ‘स्वेटर’ हा उच्चार.

त्या उच्चारामागे कॅनडात एक कथाही उभी आहे. रोक कारिये या क्वेबेकच्या लेखकाने 1979 साली ती फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली. लेखकाच्या सेंत-ज्युस्तीन या लहान गावी 1946 च्या हिवाळ्यात सगळी मुले मोरीस रिशार या महान खेळाडूचा नऊ क्रमांकाचा माँट्रियलचा स्वेटर घालून खेळतात. कथानायकाचा स्वेटर आखूड होतो, आई टोरोंटोच्या ईटन कंपनीला पत्र धाडून नवा मागवते, आणि पुडक्यातून निघतो तो शत्रूचा निळा, मेपलच्या पानाचा. परत पाठवला तर दुकानदार रागावेल म्हणून आई तोच घालावयास लावते. मुलाला खेळावयास मिळत नाही, तो संतापाने काठी मोडतो, आणि पंचाचे काम करणारा तरुण पाद्री त्याला देवळात जाऊन क्षमा मागावयास सांगतो. मुलगा जातो, आणि देवाजवळ क्षमेऐवजी कसरीचे पतंग मागतो: कोट्यवधी पतंग, हा स्वेटर कुरतडून टाकणारे! ही कथा त्या देशाने इतकी आपली मानली की 2002 साली चलनात आलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर बर्फात खेळणाऱ्या मुलांच्या चित्राशेजारी तिच्यातल्या ओळी बारीक अक्षरांत छापल्या. पुढे 2013 मध्ये ती नोटही कागदाची न राहता पॉलिमरची झाली आणि मुलांच्या जागी अंतराळातले यंत्र आले.

या कथेतली धर्मशास्त्रीय मेख मात्र मला टोरोंटोला, हातात ते जाळीदार कापड धरलेले असताना उमगली. कसर लोकरीला लागते, पॉलिएस्टरला नाही. आज एखाद्या मुलाने तीच प्रार्थना केली तर परमेश्वराने कितीही पतंग धाडले तरी ते उपाशीच मरतील. लोकर असताना त्या वस्त्राला नाश होता, त्यामुळे त्याच्यासंबंधी प्रार्थना संभवत होती. आज ते अविनाशी झाले आणि देवाच्या अखत्यारीतून बाहेर गेले. शेजाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर फ्रेंचमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी मूर्तिपूजा, तीही कापडाची. म्हणावे. मूर्तिपूजेची लाज वाटावी असे आपल्याकडे काही घडलेले नाही. पंढरपूरचा नरहरी सोनार कट्टर शैव. विठ्ठलाचे तोंड पाहावयाचे नाही असा त्याचा निर्धार. देवासाठी कमरेचा करगोटा घडवावयाचा होता, तो मापात बसेना, तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून तो राउळात गेला आणि हातांनी माप घेऊ लागला. हाताला लागली ती शंकराची चिन्हे. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल, बांधावी तर हाताखाली शिव. अंगावर घालावयाच्या वस्तूचे माप घेता घेता ज्याला नामरूपाचा भेद गळून पडलेला दिसला, अशी ही आख्यायिका आहे. हॉकीच्या भक्ताला मात्र ती पट्टी बांधताच येत नाही, कारण त्याच्या देवाला रंगावाचून दुसरे काही लक्षणच नाही. 2014 च्या मार्चमध्ये एडमंटनचा संघ घरच्याच बर्फावर कॅलगरीकडून 8-1 असा हरत असताना एका संतप्त प्रेक्षकाने आपले संघवस्त्र उतरवून बर्फावर फेकले. गोलरक्षक बेन स्क्रिव्हेन्स याने ते काठीने उचलले आणि काचेच्या भिंतीवरून प्रेक्षकांत परत भिरकावले. प्रेक्षकाच्या हिशेबी त्याने अपमान केला तो नालायक खेळाडूंचा. खेळाडूच्या हिशेबी अवमान झाला तो वस्त्राचा, म्हणजे त्या दोघांच्याही दैवताचा. अनेक संघांत पोशाखघरात वस्त्र जमिनीला लागू देत नाहीत, त्यातलीच ही भावना. नास्तिक म्हणवणारेही त्या वेळी कोणाच्या बाजूने बोलले असतील याची मला शंका नाही.

राहिला प्रश्न नाव देण्याच्या अधिकाराचा, आणि खरा वाद तोच होता. मीमांसक म्हणतो, शब्द आणि अर्थ यांचा संबंध कोणी केलेला नाही, तो उपजत आहे. प्राचीन नैयायिक म्हणतो, तो संकेत आहे आणि संकेत ईश्वराचा. नव्य नैयायिक ईश्वरालाही रजा देऊन माणसाच्या इच्छेवर भागवतो. कोणाची इच्छा, हे मात्र तो स्पष्ट करीत नाही, आणि व्यापाऱ्यांनी ती फट बरोबर हेरली आहे. 2007 च्या त्या वस्त्राला ‘एज’ असे नाव होते, 2017 मध्ये दुसऱ्या कंपनीने आणले त्याला ‘आदिझिरो’, आणि जुने नक्षीकाम रंग फिरवून पुन्हा विकण्याची युक्ती निघाली तिला ‘रिव्हर्स रेट्रो’. ही नावे कोणाच्या तोंडी बसली नाहीत. तागा संपला की नावही संपते.

उलट लोकांनी दिलेली नावे पाहा. 1995 साली न्यू यॉर्क आयलंडर्स या संघाने छातीवर हातात हॉकीची काठी धरलेल्या दाढीवाल्या कोळ्याचे चित्र आणले. प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांना त्यात गोठवलेल्या माशांच्या खोक्यावरचा कोळी दिसला आणि ते तळलेल्या माशाच्या तुकड्यांचे नाव घेऊन एका सुरात ओरडू लागले. दोन हंगामांत चित्र बासनात गेले. मालकांच्या दफ्तरी त्या पोशाखाचे काय नाव होते ते आज कोणी विचारीत नाही. तो ‘फिशरमन’ राहिला, आणि 2022 मध्ये संघाने स्वतःच त्याला पुन्हा बाहेर काढले, कारण हेटाळणी मुरता मुरता तिची माया झाली होती. माँट्रियलच्या एच अक्षराचेही तेच. ते सरळ ‘हॉकी’चे आद्याक्षर, परंतु लोकांनी ते क्वेबेकच्या जुन्या कुळंब्यांच्या ‘हाबितां’ या नावाचे मानले, आणि आज सारे जग त्या संघाला ‘हॅब्ज’ म्हणते. चूकही पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटली की तिला मिरासी हक्क लागतो.

मालकांच्या अधिकाराची शोभा करणारा खरा पुरुष टोरोंटोचाच, हॅरोल्ड बॅलार्ड. 1977-78 च्या हंगामात लीगने हुकूम काढला की प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर त्याचे आडनाव असावे. बॅलार्डसाहेबांचा विरोध तत्त्वाचा नव्हता, हिशेबाचा होता: पाठीवर नावे वाचता आली तर मैदानात विकली जाणारी नावांची पत्रिका कोण घेणार? दंडाची धमकी आली तेव्हा त्यांनी हुकूम अक्षरशः पाळला. निळ्या स्वेटरवर त्याच निळ्या रंगाची अक्षरे शिवून संघ बर्फावर उतरवला. नाव होते, पण वाचता येत नव्हते! अव्यक्त नामाचा असा सगुण साक्षात्कार वेदान्तालाही सुचला नसता. तो फार दिवस टिकला नाही हे सांगावयास नकोच.

मुलाने शेवटचा डाव टाकला. ‘लीफ’चे अनेकवचन ‘लीव्ह्ज’ होते हे शाळेत शिकवतात, मग संघाला ‘लीफ्स’ का म्हणतात? जुन्यांनी व्याकरणही मोडले, तर नव्यांनी शब्द बदलला म्हणून काय बिघडले? विशेषनामाचे अनेकवचन होत नाही, हा आमच्या शाळेतला नियम मी सांगितला. नाव झाले की पान हे पान राहत नाही. म्हातारबुवांनी मान डोलावली, आणि त्यांचाच मुद्दा मी मांडल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर उमटले.

फैसला मी तहकूब ठेवला. बालक भाषा शिकते ती वृद्धांच्या व्यवहारातून, असे आपले शास्त्र सांगते: थोरला धाकट्याला म्हणतो गाय आण, तो आणतो, पाहणारे पोर समजते. या मुलाचे थोरले पुण्याहून आले होते, आणि त्यांनी त्या वस्त्राचे नाव दुकानाच्या पाटीवर वाचले. शेजाऱ्यांच्या थोरल्याने ते रेडिओशेजारी बसून, उबदार लोकरीत मुलाला गुंडाळून उच्चारले असेल. दोघेही आपापल्या वृद्धांशी प्रामाणिक होते. त्यातला एक पुरावा जुना आणि कनवाळू, दुसरा छापील, एवढाच भेद, आणि माझे मन कोणीकडे झुकले होते ते मी मुलाला सांगितले नाही.

सायंकाळी मुलगा शेजारच्या गोठलेल्या तळ्यावर निघाला. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आजी, आतून म्हणाली, “स्वेटर घालून जा रे.”

“घातलाय की, आजी.” त्याने निळी छाती पुढे काढून दाखवली आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

अक्काने जवळ येऊन त्याची बाही चिमटीत धरली, दोन बोटांत चोळून पाहिली. “हा नव्हे. यातून वारा येतो,” ती म्हणाली, आणि कपाटातून तिने विणलेला जाड, तपकिरी, कोपराला थोडा विरलेला काढून आणला. मुलाने कुरकुर करीत निळा काढला, तपकिरी घातला, वर पुन्हा निळा चढवला. आतली जाड बाही बाहेर डोकावत राहिली ती त्याने दोनदा मागे सारली, आणि काठी घेऊन तो बर्फात उतरला.